देवाचा त्रागा आणि उसाचा फड

मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांचे कनान देश पाहायला गेलेले बारा हेर चाळीस दिवसांनी परतले, ते द्राक्षांचा घड दांडीला अडकवून, दोघांच्या खांद्यावर घेऊन. जमीन सोन्यासारखी आहे, पण तिथल्या धिप्पाड माणसांपुढे आपण नाकतोडे, असं त्यांतल्या दहा जणांनी सांगितलं. रात्रभर रडारड झाली. यापेक्षा मिसर बरा, माघारी जाऊ, असं लोक म्हणू लागले. बायबलातल्या ‘गणना’च्या चौदाव्या अध्यायात इथे देवाचा धीर सुटतो. एवढं करून दाखवलं, तरी हे लोक आणखी किती दिवस माझ्यावर भरवसा ठेवणार नाहीत, असं तो त्यांचा नेता मोशे याला विचारतो. आणि विशीच्या वरची ती पिढी वाळवंटातच संपेल, असं ठरवून टाकतो.

ही कथा मराठीला परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएलींनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधली आख्यानं मराठी कीर्तनांतून लावली. मला मात्र ती वाचताना बीड आठवतं. दर हंगामाच्या तोंडाशी धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मागे राहिलेली शहाणी माणसं नेहमीचं वाक्य म्हणतात: इतक्या योजना आणल्या, तरी हे लोक उचल (मुकादमाने दिलेले आगाऊ पैसे) घ्यायचे थांबत नाहीत. बोलण्याचा सूर देवाचाच, फक्त देवाने जे आधी केलं होतं ते न करता.

ज्यू भाष्यकार देवाच्या रागाशी थांबले नाहीत. लोक असे का वागले, हे त्यांनी विचारलं. बाराव्या शतकातल्या इब्न एझ्राला प्रश्न पडला, की मिसरमधून निघताना समुद्रकाठी सहा लाख पुरुष असताना पाठलागावरच्या मिसरी सैन्याला ते घाबरले कसे? त्याचं उत्तर सरळ आहे: समोर उभे होते ते त्यांचे कालपर्यंतचे मालक. लहानपणापासून जू वाहिलेला माणूस मालकाशी लढत नाही. त्याच शतकात मायमोनिडीजने हेच पुढे नेलं. विटा थापणारे हात एका दिवसात तलवार धरत नाहीत. म्हणून वाळवंट, आणि म्हणून गुलामी न पाहिलेली नवी पिढी.

मिसरमध्ये फुकट मासे मिळत, या लोकांच्या आठवणीवर राशीने (हे फ्रान्समधल्या रब्बीचं नाव, बारा राशींशी संबंध नाही) जुन्या भाष्याच्या आधारे नेमकं बोट ठेवलं आहे. ज्यांनी विटांसाठी पेंढा दिला नाही, ते मासे फुकट देतील? उचलही अशीच हातात पडताना फुकटासारखी वाटते. मग नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात, आजारपणाचा ‘खाडा’ हिशेबात लागतो, आणि हंगाम सरताना फिटायचं राहिलेलं पुढच्या वर्षावर जातं.

मायमोनिडीजचं उत्तर मला अर्धंच पटतं. पिढी मरायची वाट पाहणं हा काही उपाय नव्हे. शिवाय वाळवंटात जन्मलेल्या मुलांनी मुकादम पाहिला नव्हता, इथली मुलं फडाशेजारच्या कोपीतच चालायला शिकतात. मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहं म्हणूनच मोलाची, ती हंगाम सुरू होण्याआधी उघडली तर. आणखी एक गोष्ट भाष्यांपेक्षा मूळ कथेतच ठळक आहे. देव चिडला, शिक्षा दिली, पण मान्ना बंद केला नाही. अविश्वासू ठरवलेल्यांना चाळीस वर्षं रोजचं खाणं मिळत राहिलं. ते थांबलं कनानचं पीक तोंडी लागल्यावर.

राशी आणखी सांगतो, की हेरांच्या प्रकरणातली शिक्षा बायकांना लागू नव्हती. मिसरला परत जाऊ म्हणाले ते पुरुष. जमिनीत वाटा द्या म्हणून उभ्या राहिल्या त्या सलाफहादच्या मुली. बीडच्या फडात अर्धा कोयता बाईचा असतो. ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. उचलीचा व्यवहार मात्र बहुधा नवऱ्याशी होतो. सातबाऱ्यावर नाव ही तर पुढचीच गोष्ट.