लहानात मोठे पाहण्याची दिशा

मोठ्या वास्तूची लहान प्रतिकृती करणे ही ज्ञानाची कृती आहे की भासाची निर्मिती, हा प्रश्न वरवर छंदापुरता वाटला तरी त्याची मुळे भारतीय परंपरेच्या प्रतिमाविचारापर्यंत पोहोचतात. कारण ज्या परंपरेने मातीच्या मूर्तीत देव पाहिला, तिनेच दृश्य जगाला आकाशात भासणाऱ्या नगराची उपमा दिली. या प्रश्नाचा विचार येथे जपानी धर्तीच्या लघुरेल्वेच्या देखाव्यासाठी गगनचुंबी इमारती स्वहस्ते घडवण्याच्या छंदाच्या आधारे करायचा आहे. देखावा म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेले रूळ, गाड्या, स्थानके आणि भोवतालची वस्ती यांची मांडणी. आणि या छंदात ज्याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात, ते म्हणजे बाजारातील तयार संच न जोडता सनबोर्ड, जाड कागद, ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरिनचे पातळ पत्रे यांतून इमारतीचा प्रत्येक भाग मोजून, कापून आणि चिकटवून उभा करणे.

जपानमधील लघुरेल्वेत एन गेज हा प्रकार सर्वाधिक प्रचलित असून त्याच्या रुळांमधील अंतर 9 मिलिमीटर असते आणि गाड्या साधारणपणे 1:150 या प्रमाणात केलेल्या असतात. टोकियोतील कासुमिगासेकी इमारत 1968 मध्ये पूर्ण झाली आणि ती जपानमधील पहिली आधुनिक गगनचुंबी इमारत मानली जाते. तिच्या 36 मजल्यांची 147 मीटर उंची या प्रमाणात 98 सेंटिमीटर होते, तर टोकियो महानगर शासनाच्या 243 मीटर उंचीच्या इमारतीची प्रतिकृती 162 सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी होईल. असे मनोरे घरातल्या टेबलावर मांडले, तर गाडी त्यांच्या पायथ्याशी हरवून जाते. म्हणून कारागीर काही मजले गाळतो, खिडक्यांच्या ओळी कमी करतो आणि तरीही इमारत ओळखू यावी अशी तिची ठेवण राखतो. रुळांमध्येही अशीच तडजोड असते: जपानच्या पारंपरिक लोहमार्गांची रुंदी 1067 मिलिमीटर आहे आणि 1:150 या प्रमाणात ती सुमारे 7 मिलिमीटर व्हायला हवी, परंतु प्रत्यक्षात गाडी 9 मिलिमीटरच्या रुळांवर धावते. म्हणजे संपूर्ण सारखेपणा हा या कलेचा पाया कधीच नव्हता.

हीच गोष्ट पुणे जिल्ह्याच्या भूगोलावरूनही पडताळता येते. दौंड जंक्शनवर मुंबईकडून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला मनमाडचा मार्ग मिळतो, आणि तेथून काही किलोमीटरवर पुणे–सोलापूर महामार्गालगत कुरकुंभ हे गाव, तेथील फिरंगाई देवीचे मंदिर आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. हा परिसर 1:150 या प्रमाणात मांडायचा, तर एका किलोमीटरला जवळजवळ पावणेसात मीटर जागा लागेल आणि दौंड ते कुरकुंभ एवढे अंतरही कोणत्याही घरात मावणार नाही. पुण्यातील कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले आणि 1998 मध्ये सुरू झालेले लघुरेल्वे संग्रहालय महाराष्ट्रातील या कलेचे ठळक उदाहरण आहे. तेथेही सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल आणि गाड्या एकत्र येऊन जे नगर उभे राहते, ते निवडीतून घडलेले आहे.

आता आक्षेप असा येतो की, ज्यात मजले गाळले आहेत आणि ज्याच्या खिडक्यांमागे कोणी राहत नाही, अशा नगराला सत्य कसे म्हणावे? गौडपादांच्या मांडूक्यकारिकेत स्वप्न आणि माया यांच्याबरोबर गंधर्वनगराचा, म्हणजे आकाशात क्षणभर दिसून विरणाऱ्या नगराचा दृष्टांत येतो. आणि आद्य शंकराचार्यांच्या नावाने परंपरेत चालत आलेल्या दक्षिणामूर्तिस्तोत्रात विश्वाला आरशात दिसणाऱ्या नगरीची उपमा दिलेली आहे. परंतु या दोन्ही दृष्टांतांतील दोष दिसण्यात नसून पाहणाऱ्याच्या चुकीच्या समजुतीत आहे, कारण जे तेथे नाही ते तो तेथे आहे असे मानतो. प्रतिकृतीपुढे उभा राहणारा माणूस अशी समजूत करून घेत नाही. तिचे प्रमाण उघड सांगितलेले असते आणि आपण पाहतो ती वस्तू पुठ्ठ्याची आहे हे त्याला ठाऊक असते.

रसचर्चेत शंकुकाने मांडलेला चित्रतुरगन्याय येथे उपयोगी पडतो. अभिनवगुप्तांच्या ग्रंथातून ज्ञात होणाऱ्या या मतानुसार चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान यथार्थ, भ्रांत, संशयात्मक आणि केवळ सादृश्याचे या चारही प्रकारांहून वेगळे असते. तरीही प्रेक्षक ‘हा घोडा’ असेच म्हणतो आणि त्याची फसवणूक होत नाही. अभिनवगुप्तांनी शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले हे खरे असले, तरी भास आणि वस्तुज्ञान यांच्यामध्ये जाणिवेची आणखी एक तऱ्हा असते, ही त्याने दाखवलेली जागा प्रतिकृतीच्या विचाराला आजही आधार देते.

शिल्पशास्त्राने याच जागेला मोजमापाची शिस्त दिली. मूर्तीच्या तालमानात, म्हणजे अवयवांच्या प्रमाणव्यवस्थेत, ताल हे चेहऱ्याच्या लांबीइतके माप असून नवताल मूर्ती अशा नऊ मापांची असते. त्यासाठीचे अंगुल हे माप मूर्तीच्याच उंचीवरून काढता येत असल्यामुळे वीतभर मूर्ती आणि पुरुषभर मूर्ती यांचे शास्त्र एकच राहते. मंदिरवास्तूत हा विचार आणखी पुढे गेला. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या भूमिज शैलीत शिखराच्या उभ्या पट्ट्यांमधील जागा लघुशिखरांच्या आडव्या ओळींनी भरलेली असते आणि प्रत्येक ओळ ही एक भूमी, म्हणजे एक मजला मानली जाते. परिणामी सबंध शिखर आपल्याच लहान प्रतिकृतींनी रचलेले दिसते. लहान रूप हे मोठ्या रूपाचे दुबळे अनुकरण असते, ही कल्पना त्या स्थपतींनी दगडातच खोडून काढली आहे.

तथापि प्रमाण सांभाळल्याने प्रतिकृती निर्दोष झाली, तरी तिच्याकडे पाहणारी दृष्टी त्यामुळे शुद्ध होतेच असे नाही, आणि या प्रश्नाचा खरा गाभा तेथे आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रतीकोपासनेचा, म्हणजे मन किंवा आदित्य अशा एखाद्या प्रतीकावर ब्रह्मदृष्टी ठेवून केलेल्या उपासनेचा विचार आहे. प्रतीकाला ब्रह्म म्हणून पाहावे, ब्रह्माला प्रतीक म्हणून पाहू नये, कारण श्रेष्ठाची दृष्टी कनिष्ठावर ठेवणे योग्य ठरते, असा तेथील निर्णय आहे. शंकराचार्य त्यासाठी राजसेवकाचे व्यावहारिक उदाहरण देतात: सेवकाला राजाच्या मानाने पाहणे हितकर, परंतु राजाला सेवक मानणे अनर्थकारक. म्हणजे साम्य दोघांत आहे एवढ्याने काम भागत नाही. दृष्टी कोठून कोठे जाते, यावर तिचे पुण्य आणि पाप ठरते.

छंद आणि उपासना यांतील भेद येथे पुसायचा नाही, कारण प्रतिकृतीत प्राणप्रतिष्ठा होत नाही आणि तिच्यापुढे कोणी शरण जात नाही. परंतु दृष्टीच्या दिशेचा नियम दोन्हीकडे लागू पडतो. फिरंगाई देवीपुढे हात जोडणारा भाविक समोरच्या रूपात जगदंबा पाहतो. दिवाळीत दगडमातीचा किल्ला करणारी मुले त्या ढिगाऱ्यात राजगड पाहतात आणि तटबंदी, बुरूज, पाण्याची टाकी कोठे असावीत हे शिकतात. मनोऱ्याची प्रतिकृती करणारा कारागीर पुठ्ठ्यात नगर पाहतो आणि त्यामुळेच पाण्याच्या टाकीपासून आगीच्या जिन्यापर्यंत, एरवी नजरेतून सुटणाऱ्या गोष्टींची त्याला दखल घ्यावी लागते. या तिन्ही ठिकाणी लहान वस्तूला मोठ्याचा मान मिळतो आणि पाहणाऱ्याचे अवधान वाढते.

याच्या उलट दिशा आधुनिक नियोजनात सहज शिरते. औद्योगिक वसाहतीचा आराखडा मेजावर पसरला की भूखंड, रस्ते आणि जलवाहिन्या स्वच्छ रेषांत दिसतात, आणि जिवंत गाव म्हणजे हवे तसे सरकवता येणारा देखावा आहे असे वाटू लागते. कुरकुंभसारख्या ठिकाणी कारखान्यांशेजारी शेते, विहिरी आणि माणसांची घरे आहेत. वाऱ्याबरोबर येणारा वास किंवा विहिरीच्या पाण्याची काळजी कोणत्याही प्रमाणात काढलेल्या आराखड्यावर उमटत नाही. आराखडा आवश्यक आहे, पण गावाला आराखडा मानणे म्हणजे सूत्रकारांनी निषिद्ध ठरवलेली उलटी दृष्टी होय, आणि तिचा अनर्थ त्या गावात राहणाऱ्यांना भोगावा लागतो.

म्हणून प्रतिकृती खरी की खोटी, या प्रश्नाचे उत्तर वस्तूत शोधण्यापेक्षा दृष्टीच्या दिशेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. जो कारागीर आपण काय गाळले हे ओळखतो, प्रमाण उघड ठेवतो आणि खिडकीच्या प्रत्येक चौकटीमागे माणसाचे जगणे आहे असे समजून ती कापतो, त्याची इमारत गंधर्वनगर होत नाही. त्याला या कामातून मिळणारे शिक्षण नैतिक आहे: लहान वस्तूचा इतका आदर करण्याची सवय ज्याला लागली, त्याने खऱ्या शहराकडे आणि गावाकडे पाहताना त्यांना लहान करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य केले पाहिजे.