नोंद ही अमानत

अम्मीकडे दवाखान्याच्या कागदांची एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. साखर, रक्तदाब, डोळ्यांचे ऑपरेशन, सगळे त्यात. एका कागदावर तिच्या नावापुढे 'बी' आहे, दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर आडनावाचे स्पेलिंगच निराळे. मागच्या वर्षी एका दवाखान्यात संगणकावर तिचे नाव शोधले, तर एका अम्मीच्या तीन स्त्रिया निघाल्या. एका गोळीने तिच्या अंगावर पित्त उठते, हे त्यांतल्या एकीच्याच खात्यावर होते. नेमकी तीच गोळी लिहून मिळाली. अम्मीने पाकीट ओळखले म्हणून निभावले. घरी येताना पिशवी छातीशी धरून म्हणाली, "इसमें तो मैं एकीच हूँ ना!"

म्हणून संगणकाला दोष देऊन चालणार नाही. आमच्या आकुर्डीत मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कारखान्यांत आलेली माणसे राहतात. खोली बदलली की कागद हरवतात. त्यांच्यासोबत फिरणारी नोंद हवीच. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे, आणि माहिती रुग्णाच्या संमतीनेच पुढे जावी असे त्याचे तत्त्व आहे.

तरी प्रश्न उरतो : नोंद कुणासाठी?

मी शिक्षिका आहे. मीही रकाने भरते. काही माहिती फक्त वर पाठवण्यासाठी असते. पण हजेरीपटावर एखादी मुलगी तीन दिवस गैरहजर दिसली, की माझी पावले तिच्या घराकडे वळतात. ती नोंद मला कामाला लावते. आशाताई दारोदार फिरून माहिती गोळा करते. त्या बदल्यात तिला काय मिळते? संगणकाने रोज सकाळी तिला सांगावे, 'आज या पाच घरी जा. इथे रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या असतील, तिथे बाळाची लस राहिली आहे.' म्हणजे आशाताई, नर्सबाई आणि डॉक्टर एका धाग्यात येतील. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 सालीच म्हटले होते, की रुग्णाची नोंद त्याच्या समस्यांभोवती रचावी. रकाने भरणे हा तिचा हेतूच नव्हे.

मग सर्वांना सर्व दिसावे का? इथे माझे मन अडखळते. मोहल्ल्यात एखाद्या मुलीला क्षय झाल्याचे कळले, तर ती बरी झाली तरी रिश्ता मोडतो. उपचारासाठी माहिती हवी, इज्जतीसाठी पडदा हवा. दोन्ही खरे आहे.

मला आपल्याच घरातला एक शब्द आठवतो : अमानत. शेजारणीने दागिने ठेवायला दिले, तर ते आपण घालत नाही, कुणाला दाखवत नाही, आणि मागताच परत देतो. आजाराची नोंदही तशीच जपावी. ज्याला ज्या कामासाठी जेवढे लागेल, तेवढेच त्याला दिसावे. औषध चुकू नये हे पाहणाऱ्या आशाताईला गोळ्यांचे वेळापत्रक पुरे. त्या स्त्रीचा सारा भूतकाळ तिला कशाला? कोणी काय पाहिले, हे रुग्णाला कळावे. चुकीचे नाव दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्याला असावा. आणि संमती त्याला समजणाऱ्या भाषेत विचारावी. न वाचता उमटवलेला अंगठा ही संमती नव्हे.

हे तंत्रज्ञांचे काम आहे, असे म्हणून आपण बाजूला होऊ नये. रकाना कोणता असावा, हे ठरवताना माणूस कोण, हेही ठरत असते. पुढच्या वेळी दवाखान्यात कोणी आपले नाव टाइप करील, तेव्हा पडद्याकडे आपणही वाकून पाहावे, आणि विचारावे : यात मी एकच आहे ना?