मौनाची ऊब

योझेफ बॉइस या जर्मन शिल्पकाराने १९८५ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, लंडनच्या एका कलादालनातील दोन खोल्या नमद्याच्या जाड गुंडाळ्यांनी चहूबाजूंनी मढवून टाकल्या. शेजारच्या बांधकामाचा गोंगाट त्यास निमित्त झाला, असे सांगतात. एका खोलीतून दुसरीत वाकूनच जावे लागे. आत मिटलेला पियानो, त्यावर एक फळा व एक तापमापक, बस्स. 'प्लाइट' हे या कृतीचे नाव. इंग्रजीत त्या शब्दाचा एक अर्थ हलाखी, आणि जुना दुसरा अर्थ वचन देणे. पुढे ती पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात गेली. आम्हांस ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग आलेला नाही. छायाचित्रे पाहताना मात्र प्रथम गाभाराच आठवला.

आमचे मन अडखळले ते त्या तापमापकापाशी. नमदा ध्वनी गिळतो, तशीच उष्णताही अडवून धरतो. बाहेरचा गलबला थांबला की आत आलेल्या माणसांच्या अंगाची ऊब तेथे साठू लागते. कशासही हात न लावता माणसाला तेथे स्पर्श घडतो, आणि तो परक्या माणसाच्या देहाचा असतो. ते मौन निर्मनुष्य नव्हे.

घंटेचा नाद विरल्यावर गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी जी शांतता लाभते, तिच्याहून मोलाचे आम्ही फार थोडे जाणतो. ती मोडावी असे कोण म्हणेल? परंतु ती कशातून निपजली, हे आम्ही स्वतःस क्वचितच विचारले. विठोबाच्या पायांवर डोके टेकता येते, ही पंढरीची थोरवी. तरीही अस्पृश्य मानलेल्या भक्तांना तेथील दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. तोवरची तेथली शांतता देवाची, की आत न येऊ दिलेल्यांची?

सोवळ्यास आमचा विरोध नाही. स्नान करून, मन आवरून देवापुढे उभे राहणे हे स्वतःस घातलेले बंधन होय, आणि त्यात गोडी आहे. पण दुसऱ्याच्या अंगाच्या उबेस विटाळ म्हटले, की ते बंधन आपल्यावर राहत नाही. ते त्याच्यावर पडते. जिभेने एक शब्दही न उच्चारता हे करता येते, म्हणूनच ते इतकी शतके चालले.

महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्यांना पायरीच्या आत घेतले नाही, त्यांच्या समाधीस हात लावून आज वारकरी आत जातो.