खूण संचिताची, पापाची नव्हे

यकृताचा कर्करोग निघाला की घरात एक प्रश्न कुजबुजला जातो: याने असे कोणते पाप केले होते? आता या प्रश्नाला विज्ञानाचा टेकूही दिला जातो. जगण्याच्या खुणा जनुकांवर उमटतात असे एपिजेनेटिक्स सांगते. मग हेच आपले संचित नव्हे का? साम्य मोहात पाडणारे आहे, पण पुरावा वेगळेच सांगतो. काय घडले हे खुणेवरून कळते. दोषी कोण, हे कळत नाही.

निरोगी यकृतात निकामी झालेली पेशी स्वतःहून मरते. ती आक्रसते, पातळ आवरणात गुंडाळलेले तिचे बारीक तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना पू. जॉन केर यांनी हे मरण उंदरांच्या यकृतात पाहिले आणि 1972 मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्याला पानगळ सुचवणारे ग्रीक नाव दिले, अ‍ॅपॉप्टोसिस. कर्करोगात ही पानगळ अडते. या मरणाला हातभार लावणारे आरएएसएसएफ1ए हे जनुक यकृताच्या कर्करोगात पुष्कळदा शाबूत असते, पण त्याच्या आरंभाशी मिथाइल गट नावाच्या रासायनिक खुणा चिकटतात आणि त्याचे वाचन बंद पडते. पोथी तीच असते, पाने तेवढी एकमेकांना चिकटलेली.

चिकटवली कोणी? अनेकदा हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा यात हात असतो, आणि तो जन्मताच आईकडून बाळाला मिळू शकतो. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष तर जनुकच बिघडवते. यात त्या बाळाचे, त्या खाणाऱ्याचे पाप कुठे शोधायचे? मागच्या जन्मी, असे कोणी म्हणेल. तशी श्रद्धा कोणी ठेवावी, पण मिथाइलच्या खुणेला तिचा साक्षीदार करता येणार नाही. ती याच देहात उमटलेली असते. दारू तर माणूस स्वतः पितो, हा आक्षेप खरा आहे आणि तिथे जबाबदारीही खरी आहे. पण जबाबदारी म्हणजे पुढचा पेला नाकारण्याची शक्ती. आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेला निवाडा नव्हे. कर्मविचाराने मनाला स्वीकार शिकवला, हेही मान्य. मात्र तो स्वीकार रोग्याने स्वतः करायचा असतो; इतरांनी लादला की त्याचा आरोप होतो.

आणि खूण अटळही नाही. मिथाइलच्या खुणा उतरवणारे अ‍ॅझासायटिडीन 2004 पासून रक्ताच्या एका विकारावर अमेरिकेत मान्य आहे. यकृताच्या कर्करोगावर ते प्रस्थापित उपचार नाही, पण चिकटलेले पान सुटू शकते एवढे त्यातून दिसले. त्याहून मोठा पुरावा तैवानचा. तिथे 1984 मध्ये नवजात बाळांना हेपॅटायटिस बीची लस देणे सुरू झाले आणि पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. प्रारब्ध वाटत होते ते एका सुईने टळले. म्हणून पापाची चौकशी थांबवू या आणि घरात बाळ जन्मले की एवढेच विचारू या: चोवीस तासांच्या आत लस दिली का?