दैवी संपत्ती : आधी अभय



आजचं वाचन : गीता, अध्याय १६, पहिले तीन श्लोक. दैवी संपत्तीचे सव्वीस गुण. यादी दिसली की माझ्यासारखा कोडिंगवाला आधी क्रम बघतो. पहिला गुण अभय. शांती बरीच नंतर, अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग यांच्या मागून. आपण मात्र शांती म्हणजे डोळे मिटायचे आणि कानात हेडफोन, एवढंच धरून चालतो.

मला लायबेरियातल्या बायका आठवल्या. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश. १९८९ ते २००३ मध्ये दोन यादवी युद्धं झाली, सुमारे अडीच लाख माणसं गेली. पोरांच्या हातात बंदुका होत्या. २००३ मध्ये लेमा ग्बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून राजधानी मनरोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानावर बसू लागल्या. ऊन असो, पाऊस असो, रोज. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा तिथूनच जायचा. म्हणजे दिसणारच!

अखेर घानातल्या अक्रा इथे वाटाघाटी सुरू झाल्या, पण आठवडे गेले तरी हलेना. पुढारी हॉटेलात, तोफगोळे मनरोव्हियावर. जुलैमध्ये या बायका सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या. करार करा, मगच बाहेर पडा. अटक करायला रक्षक आले तेव्हा लेमा स्वतःचे कपडे उतरवू लागल्या. आईने असं करणं म्हणजे तिकडे भयंकर शाप. रक्षक मागे सरले. एक सेनानी दार ढकलून निघू पाहत होता, त्याला बायकांनी परत आत लोटलं.

मग अक्रोधाचं काय? राग होताच, लेमांनी तो कधी लपवला नाही. पण तो कुणाचा जीव घ्यायला निघाला नव्हता. माझ्या मते इथे अक्रोध एवढाच मोजावा.

१८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. एकट्या बायकांमुळे नाही, हेही खरं. बंडखोर राजधानीत घुसले होते, टेलर आठवडाभर आधीच देश सोडून गेले होते. पण ते दार त्यांनीच अडवलं होतं.

उद्योगपर्वात गांधारीनेही दुर्योधनाला भर सभेत समजावलं होतं. तो ऐकून न घेता उठून निघून गेला. दाराशी कुणी बसलेलं नव्हतं. पुढे स्त्रीपर्वात बायका कुरुक्षेत्रावर आल्या, त्या आपापली माणसं ओळखायला.

उद्या चौथा श्लोक, आसुरी संपत्ती. ज्ञानेश्वरीतल्या ओव्याही सोबत घ्या.

राम कृष्ण हरी.