निखाऱ्याची राख केलीस

रात्री अकराला फाइल पाठवलीस. नाव काय, तर ‘फायनल एचडीआर’. सकाळी टीव्हीला लावली. लोहाराच्या भट्टीतला निखारा राखेसारखा दिसतोय. आणि सोबत तुझा निरोप, ‘सर, सॉफ्टवेअर रंग खातंय.’ सॉफ्टवेअर खातंय? हे लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही?

क्लिप आयफोनवर घेतलीस. एचडीआर चालू असेल तर तो एचएलजीत शूट करतो, हे तुला माहीत नव्हतं? वर्गातल्या दोघांना तूच समजावून सांगत होतास, मी दारात उभा राहून ऐकलंय. मग टाइमलाइन साध्या, एचडीआर नसलेल्या रेक. ७०९ ची का ठेवलीस? भट्टीचा उजेड पांढराफटक फुटला, तिथेच थांबायचं होतं. तू हायलाइटचा स्लायडर खाली ओढलास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून टाइमलाइन एचडीआरच्या पीक्यूची केलीस. चांगलं केलंस. पण एक्स्पोर्टला तोच जुना एच.२६४ चा प्रीसेट, ८ बिटचा. का? तर यादीत तो पहिला होता! ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १०२४. पीक्यूची उजेडाची पट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते. एवढी चढण २५६ पायऱ्यांत बसवायला निघालास, म्हणून भट्टीवरच्या धुरात पट्टे उमटलेत. एचइव्हीसी, मेन १० निवडायला किती वेळ लागतो? दोन क्लिक.

आता राखेचं बघू. पीक्यूमध्ये साधा पांढरा २०३ निट्सला धरतात. सिग्नलमध्ये तो ५८ टक्क्यांच्या आसपास बसतो. फाइल पीक्यूची आहे असा टॅगच तू लावला नाहीस. टीव्हीने ती साधी ७०९ समजून दाखवली. मग ५८ टक्क्यांचा पांढरा त्याला करडाच दिसणार. रेक. २०२० चे रंगही ७०९ समजून वाचले की फिकेच पडणार. यात सॉफ्टवेअरने काय खाल्लं? डब्यावर चिठ्ठी लावली नाहीस आणि चहात मीठ पडलं म्हणून वाण्याशी भांडतोयस.

आणि याच्यावर तू काय केलंस? सॅच्युरेशन वाढवलंस. स्वतःच्या लॅपटॉपवर बरं दिसेपर्यंत वाढवत गेलास. तो पडदा एचडीआर दाखवतच नाही, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून डोळ्यांवर कातडं ओढलंस, याचा मला राग आहे. न येणाऱ्याला मी चार वेळा शिकवीन. येत असून टाळणाऱ्याचं काय करू?

मॅक्ससीएलएलच्या रकान्यात १००० लिहिलंस. मोजलंस? सगळ्या फिल्ममधला सर्वांत उजळ पिक्सेल किती निट्सचा, ते तिथे यायला हवं. तू कुठूनतरी उतरवलंस. मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोड. खोटा आकडा खरा मानून टीव्ही उजेड दाबू शकतो, आणि त्या लोहाराच्या घामावरची चमक जाते.

‘वेळ नव्हता’ म्हणू नकोस. एक्स्पोर्ट चालू असताना पाऊण तास मोबाइल बघत बसला होतास. त्याआधी दहा सेकंदांचा तुकडा काढून टीव्हीवर लावला असतास तर? स्कोप एक्स्पोर्टनंतर उघडलास. वरातीमागून घोडं.

तो लोहार तुझ्यासाठी पहाटे चारला भट्टी पेटवून बसला होता. कॅमेरा तू उत्तम धरलास, ठिणगी उडते तो क्षण अचूक पकडलास. वर्गात दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. एवढं मिळवून शेवटच्या, एक्स्पोर्टच्या खिडकीत माती केलीस.

ऊठ. सॅच्युरेशन पहिल्या जागी आण, स्लायडर सोड. कलर मॅनेजमेंट लाव, ग्रेड पुन्हा कर. फाइल निघाली की मीडियाइन्फोत उघड. रंगांपुढे बीटी.२०२० (तेच रेक. २०२०), ट्रान्सफरपुढे पीक्यू, बिट डेप्थपुढे १० असं स्वतःच्या डोळ्यांनी वाच. संध्याकाळी टीव्ही मी चालूच ठेवतो. पेनड्राइव्ह घेऊन ये.