चिठ्ठीत मुलांचंही नाव असू द्या

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या शहाडच्या सोसायट्यांमध्ये नाताळ आणि थर्टी फर्स्ट मिळून एक कार्यक्रम ठरतो. नोटीस बोर्डावर कागद लागतो, वर्गणी निघते, गच्चीवर माळा कोण लावणार आणि हौजीचे आकडे कोण काढणार याची वाटणी होते. अलीकडे या यादीत 'सिक्रेट सांता' आला आहे. तो ऑफिसांमधून आला. दिवसभर ठाण्या-मुंबईत काम करून कसारा लोकलने परतणाऱ्या माणसांनी तो घरी आणला, आणि इथल्या मराठी, सिंधी, उत्तर भारतीय, ख्रिस्ती सगळ्याच घरांनी तो आनंदाने उचलला. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची. शेजारचा दरवाजा वर्षभर नुसता बघणाऱ्या माणसांना हा खेळ एकमेकांविषयी विचार करायला लावतो, म्हणून मला तो मनापासून आवडतो.

मुलांना मात्र आपण त्यात अर्धंच घेतो. आई किंवा बाबा उल्हासनगरच्या बाजारातून एखादी वस्तू आणतात, रात्री मुलं झोपल्यावर चमकीच्या कागदात बांधतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते पुडकं मुलाच्या हातात देतात. मूल ते दुसऱ्याला देतं. आत काय आहे विचारलं तर उत्तर येतं, "माहीत नाही, मम्मीने आणलंय." मग त्याच्या हातात दुसरं पुडकं येतं, ते फाडलं जातं, "थँक यू म्हण" अशी मागून सूचना होते, फोटो निघतो. मुलाने भेट पोहोचवली आणि भेट घेतली, पण दिली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की देणं हा या खेळाचा गाभा आहे आणि नेमका तोच आपण मुलांच्या हातून काढून घेतो.

आपल्याकडच्या जुन्या रिवाजांनी ही चूक केली नव्हती. बोरन्हाण आठवून पाहा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे ते दिवस, काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं लहानगं. त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगूळ आणि हल्ली चॉकलेटं ओतली जातात. ज्याचा सोहळा आहे ते मूल बसून राहतं आणि आजूबाजूची पोरं पाटाभोवती वाकून सगळं वेचून नेतात. कधी पाटावरचं बाळ रडतं, कधी तेही एखादं बोर मुठीत धरून ठेवतं, आणि कोणी ते सोडवून घेत नाही. मुलाच्या आयुष्यातल्या अगदी पहिल्या समारंभांपैकी एकात त्याच्या अंगावरून पडलेलं इतरांनी न्यायचं असतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भोंडल्यात तर खिरापत घरून आणणारी मुलगी डब्याचं झाकण घट्ट धरून बसते. बाकीच्या मुली पदार्थांची नावं घेत सुटतात आणि ती मान हलवत राहते. त्या वेळी सगळी सत्ता देणारीच्या हातात असते. ती सत्ता अनुभवल्याशिवाय देण्याची गोडी लागत नाही.

दसऱ्याला आणखी वेगळं घडतं. आपट्याचं पान सगळ्यांचं सारखं. ते देताना मोठ्या घरचं मूल आणि भाड्याच्या खोलीतलं मूल यांच्यात काही फरक उरत नाही. त्यामागची कौत्साची गोष्टही मुलांना पुरती सांगायला हवी. गुरूला द्यायला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजासाठी कुबेराने त्याहून कितीतरी जास्त पाडल्या, आणि कौत्साने चौदा कोटींवर एकही घेतली नाही. उरलेलं सोनं लोकांनी नेलं. आपण मुलांना सोनं वाटायला पाठवतो आणि ही गोष्ट सांगायची विसरतो.

मुलांना देण्यात खरोखर आनंद होतो का, की ही मोठ्यांची समजूत? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लारा अकनिन, काइली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं दोन वर्षांचीही नव्हती. त्यांना खाऊ दिला, मग एका बाहुल्याला खाऊ द्यायला लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजला. खाऊ मिळताना दिसला त्यापेक्षा देताना जास्त आनंद दिसला. त्यातही स्वतःच्या वाटणीचा खाऊ दिला तेव्हा तो सर्वात जास्त होता, समोर सापडलेला दुसराच खाऊ दिला तेव्हा कमी. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आईने आणलेलं पुडकं पुढे करताना मुलाचं स्वतःचं काही जात नाही, म्हणून त्याला काही मिळतही नाही.

आमच्या इमारतीत पहिलीतल्या एका मुलीच्या चिठ्ठीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव निघालं. तिच्या आईने तिच्यासाठी काही विकत आणलं नाही. "आजोबांना काय लागतं ते तूच बघ," एवढंच सांगितलं. मुलगी दोन-तीन संध्याकाळी त्यांच्याकडे काही ना काही निमित्ताने जाऊन बसली आणि तिला दिसलं की आजोबा दर थोड्या वेळाने चष्मा शोधतात. मग तिने खाऊच्या पैशांतून चष्म्याला लावायची दोरी घेतली. एका टोकाला लाल मणी ओवला, तोही वाकडा बसला. पुडकं स्वतः बांधलं, सेलोटेप कागदापेक्षा जास्त. गच्चीवर आजोबा ते उघडत होते तेव्हा ती खुर्चीच्या मागे उभी राहून श्वास रोखून बघत होती. स्वतःला मिळालेलं पुडकं तिने काखेत धरलेलं होतं, ते उघडायचं तिला सुचलंच नाही. मुलांना या खेळात का घ्यायचं याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

याच खेळाचा एक प्रकार मात्र लहानांसाठी मला पटत नाही. सगळ्या भेटी मधोमध ठेवायच्या, नंबर काढायचे, आणि पुढच्याने नवी भेट उघडायची किंवा आधीच्याची उघडलेली हिसकून घ्यायची. मोठ्यांमध्ये त्यातून हशा पिकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातातली गाडी एखाद्या काकांनी नियमाप्रमाणे घेतली तर त्याला नियम कळत नाही, गाडी गेलेली कळते. पीटर ब्लेक आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांच्या जोड्यांपुढे गोळ्यांच्या कमीजास्त वाटण्या ठेवल्या होत्या. वाटणी नाकारली तर दोघांनाही काही मिळत नसे. चार ते सात वर्षांची मुलं आपल्याला कमी आलं की नाकारत, जास्त आलं तर घेत. आठ वर्षांची मुलं मात्र आपल्याला जास्त आणि समोरच्याला कमी आलं तरी नाकारत होती. म्हणजे साधारण तिसरीपर्यंतच्या मुलांना हिसकवाहिसकवीत बसवू नये. त्यांना चिठ्ठीचाच खेळ द्यावा. मोठी मुलं खेळणार असतील तर आधी त्यांनाच नियम ठरवू द्यावेत.

पैशांची मर्यादा तर हवीच, आणि ती मुलाला स्वतःच्या साठवणीतून परवडेल एवढी कमी हवी. आपल्या भागात एकाच जिन्यावर सेंच्युरी कंपनीत शिफ्ट करणारा कामगार राहतो आणि उल्हासनगरात दोन दुकानं असणारा व्यापारीही राहतो. मर्यादा नसेल तर मुलं भेटींवरून घरांची किंमत करायला शिकतात, आणि तो धडा मग पुसला जात नाही. वस्तूच हवी असाही हट्ट नको. नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या नावाने घरोघरी चिठ्ठ्या काढून भेटी देतात, आणि ज्याला द्यायची त्याच्यावर चार ओळी रचून सोबत जोडतात. यमक जुळवायला आपल्या मुलांना कोणी शिकवायला नको.

भेट आवडली नाही तर? मुलाचा चेहरा पडेल. पडू द्यावा. सगळ्यांसमोर उघडायला लावून वर हसायला लावणं हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. त्याने पुडकं घरी नेऊन उघडावं आणि दुसऱ्या दिवशी, मन शांत झाल्यावर, देणाऱ्याच्या दारी जाऊन काहीतरी बोलून यावं. अशा जाण्या-बोलण्यातून ओळख वाढते, फोटोतून वाढत नाही.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि आईबाबांना माझी विनंती आहे. यंदा चिठ्ठ्या टाकाल तेव्हा चार वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, मोठ्यांच्याच डब्यात टाका, वॉचमन आणि सफाई करणाऱ्या ताईंचीही नावं त्यात असू द्या. मुलाला निदान आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. काय द्यायचं ते त्याला ठरवू द्या, आणि त्याने बांधलेलं वेडंवाकडं पुडकं रात्री सोडून पुन्हा नीट बांधू नका.